रंग नंतर

समोर लोखंडाचं काही दिसलं की मिस्त्री आधी त्याला लटकायचे. जिन्याचं रेलिंग असो, खिडकीची ग्रिल असो, नाहीतर कुणाच्या दुकानाला नुकतीच लावलेली जाळी. दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, गुडघे दुमडायचे आणि सगळं वजन सोडून द्यायचं. मनात पाच आकडे मोजायचे. मग पाय टेकून हात झटकायचे आणि जवळ जो कोणी उभा असेल त्याला सांगायचे, "ठीक आहे. रंग नंतर."

सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, खाकी शर्ट घातलेला माणूस कल्याणच्या भर बाजारात असा लोंबकळताना पाहून नवखा बिचकायचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. चार माणसांत त्याच्याबरोबर जायची लाज वाटते आणि अडलं की पहिला फोन त्यालाच जातो.

एकदा म्हणे पुतण्यानं घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट बघायला नेलं होतं. बाविसावा मजला, सॅम्पल फ्लॅट, हातात सरबताचा ग्लास. मिस्त्रींनी ग्लास ठेवला, गॅलरीत गेले आणि रेलिंग धरून गुडघे दुमडले. फ्लॅट दाखवणारी मुलगी किंचाळली, सिक्युरिटी धावत आली, पुतण्या लालबुंद झाला. मिस्त्रींनी मात्र पाच आकडे पुरे केले. "घे तू फ्लॅट," पुतण्याला म्हणाले, "काम बरं आहे." मिस्त्री कल्याणला ज्या वेल्डिंग मशीनच्या दुकानात बसायचे, त्याच्या मालकांनी हे मला हसत हसत सांगितलं तेव्हा मीही हसले होते. पुतण्याच्या जागी मुलगा असता तरी ते तसेच लटकले असते का, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. आता पडतो.

मी कल्याणला कशाला गेले होते ते सांगायला हवं. आम्ही डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही. मी कल्याणला गेले त्याच्या दीड वर्ष आधी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू गेली. उपचार झाले, व्यायाम झाले, हे काठी घेऊन घरात चालायला लागले. आमच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. चढताना तो उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या. म्हणजे हे जिना चढू शकत होते, पण उतरू शकत नव्हते. दवाखान्यातून आणल्यावर एकदा चढून आले ते वरच अडकले.

भिंतीच्या बाजूनं एक पाइप लावला की काम झालं असतं. छत्तीस पायऱ्या, चार वळणं, बारा ब्रॅकेट. सोसायटीनं परवानगी दिली, वर "खर्च तुमचा" हेही प्रेमानं सांगितलं. फॅब्रिकेशनवाले तीन आले. तिघांनी मापं घेतली, दोघांनी चहा घेतला, परत एकही आला नाही. एवढ्याशा कामासाठी मशीन घेऊन कोण जिने चढणार? मी तिसऱ्याला फोनवर नको नको ते बोलले आणि त्याच रागात ठरवलं की वेल्डिंग मशीन आपणच घ्यायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झालेली. विजेची भीती नव्हती आणि आगीचीही नव्हती. अक्कल होती असं मात्र म्हणवत नाही.

दुकानातल्या पोऱ्यानं मला आधी "मॅडम, सरांना पाठवा" म्हणून सुनावलं. सर उतरू शकत नाहीत म्हणून तर मी आलेय, असं सुनावल्यावर त्यानं काउंटरवर एक मशीन ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं. लाल रंगाचं, चकचकीत, खांद्याला अडकवायचा पट्टा, वर मोठ्या आकड्यात अँपियर लिहिलेले. किंमत फॅब्रिकेशनवाल्याच्या कोटेशनहून कमी. मी पर्स उघडली.

"तुटलं तर पडणार कोण?"

आवाज दाराजवळून आला. तिथे स्टुलावर मिस्त्री बसले होते. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं त्यांच्या, ते मनगटानं पुसत माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, दुकानातला कोणी आगाऊ म्हातारा असेल.

"काय म्हणालात?"

"तुम्ही जे काय बनवणार ते तुटलं, तर पडणार कोण? झाडाची कुंडी पडणार असंल तर घ्या हेच मशीन. चांगलंय."

"माझा नवरा पडेल," मी म्हणाले. रागातच म्हणाले, पण ते शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला पर्स मिटावी लागली.

मिस्त्री उठले. पोऱ्याच्या हातातून मशीन घेऊन परत फळीवर ठेवलं. "आज नाही," म्हणाले. "घरी जा ताई. मीटरचा फोटो काढून आणा. गीझरच्या प्लगचा आणा. जिन्याचा आणा. साहेबांचं वजन किती ते लिहून आणा. मशीन शेवटी."

दुकानाचे मालक गल्ल्यामागून हताशपणे हसले. हे रोजचंच असावं. मिस्त्री आयुष्यभर ठाण्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या टाक्या जोडत होते. निवृत्तीनंतर टिटवाळ्याहून रोज सकाळी येऊन ह्या दुकानात बसायचे. पगार नाही, काम नाही, दोन वेळचा चहा फक्त. गिऱ्हाइकं पळवायचे तरी मालक त्यांना उठवत नसत, कारण त्यांनी पळवलेलं गिऱ्हाईक आठवड्यानं परत यायचंच. मीही आले. पण त्या दिवशी घरी जाताना मी त्यांच्या नावानं चरफडत होते, हे खरं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी फोटो बघितले. ह्यांचं वजन ब्याऐंशी किलो, हे वाचून मान हलवली. मग म्हणाले, "आकड्यावर जाऊ नका. डब्यावर काय, कोणी काय पण लिहितं. तुमच्या घरच्या गीझरच्या प्लगवर अडीच एमएमचा वेल्डिंगचा रॉड चालतो. त्याच्या पुढची हाव नको."

त्यांनी मालकांना तीन मशीनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायला लावली. परीक्षा एकच. प्रत्येक मशीनवर दहा रॉड सलग जाळायचे, मध्ये थांबायचं नाही. लाल चकचकीत मशीन तिसऱ्या रॉडला गरम होऊन बंद पडलं, पिवळा दिवा लागला. दुसऱ्यानं सातपर्यंत दम धरला. तिसरं करड्या रंगाचं, दिसायला अगदीच मठ्ठ, पण दहा रॉड जाळून त्याचा पंखा शांत फिरत होता. मिस्त्रींनी त्याच्यावर तळहात ठेवला.

"हे. ह्याची ताकद दोनशेची आहे, तुम्ही ऐंशी-नव्वदवर चालवा. माणूस पण असाच बरा."

तारेच्या रिळावर चालणारं एक मशीन होतं, शिकायला एकदम सोपं म्हणून पोरगा ते दाखवत होता. मिस्त्रींनी त्याला हातानंच थांबवलं. "पहिलं मशीन नको ते. शिकाऊ हाताला त्याच्यात जोडाचा टाका दिसतो छान आणि धरत नाही. दिसतं छान म्हणून माणूस फसतो." उरलेल्या पैशात त्यांनी मला डोक्याला लावायची काच, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे आणि जाड केबल घ्यायला लावली. केबल मी घेतली नाही. केबल घरात होती, असं मला वाटलं.

पुढचा महिनाभर माझी शाळा भरली. घरातच गॅलरीत, गीझरच्या प्लगवर मशीन लावून मी लोखंडी पट्ट्यांचे तुकडे जोडायची आणि ते पिशवीत घालून कल्याणला न्यायची. मिस्त्री एकेक तुकडा शिकंज्यात धरून हातोड्यानं मोडायचे. मोडल्यावर आतली बाजू उजेडाकडे धरायचे. "वरून काय बघायचं? आतून बघा. हे इथं धरलं, हे इथं नाही धरलं." मग खडूनं त्याच्यावर फुली. इतकी वर्षं मी पोरांच्या प्रयोगवह्या चाळल्या, आता माझ्या वाट्याला फुल्या आल्या. बरोबरची खूण मिळाली ती सतराव्या दिवशी. मी ती पट्टी घरी आणून ह्यांना दाखवली. ह्यांनी ती उजव्या हातात धरून बराच वेळ उलटसुलट केली आणि विचारलं, "सव्वीस जानेवारीपर्यंत होईल?"

आमच्या इमारतीत सव्वीस जानेवारीला सत्यनारायण आणि कॅरमच्या मॅचेस असतात. ह्यांचा उजवा हात शाबूत होता. नेम शाबूत होता. बारा वर्षं ह्यांची फायनल चुकली नव्हती आणि आदल्या वर्षी हे वरच्या खिडकीतून नुसता स्ट्रायकरचा आवाज ऐकत होते. होईल, असं मी म्हणाले. इथे मी चुकले.

घाई झाली. पाइप काळाच घेतला, जस्त चढवलेला पांढरा नको, त्याचा धूर छातीत बसतो, ही शिकवण पाळली. पट्ट्या नीट घासल्या. पण गॅलरीत एकेक ब्रॅकेट करत बसायला वेळ नव्हता, म्हणून सगळं काम खाली पार्किंगमध्ये मांडलं आणि वीज आमच्या गीझरच्या प्लगवरून खाली सोडली. त्यासाठी सोसायटीच्या सत्यनारायणाच्या मंडपाची लायटिंगची वायर घेतली. मोठं रीळ होतं, लांब होती, फुकट होती. संध्याकाळच्या वेळी काम चालायचं, सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही, गीझर सुरू. ठिणगी जरा मऊ वाटायची, पण टाका सुरेख दिसायचा. मिस्त्रींना दाखवायला नेण्याइतका वेळ नव्हता. एका संध्याकाळी घाईत काच लवकर वर केली आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग झाली. ह्यांनी एका हातानं बटाटा सोलून चकत्या कापल्या, माझ्या डोळ्यांवर ठेवल्या. "तू आंधळी झालीस तर मला कोण उतरवणार?" म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

तेवीस तारखेला शेजारच्या इलेक्ट्रिशियननं भिंतीला भोकं पाडून बोल्ट मारून दिले. पाइप बसला. चोवीसला मी त्याला आकाशी रंग लावला. खूप शोभून दिसत होता. जाणारायेणारा प्रत्येक जण हात फिरवून "वा" म्हणत होता. मी मिस्त्रींना फोन केला, उद्या येऊन लटका म्हणून.

पंचवीसला सकाळी ते आले. जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

"रंग कोणी लावला?"

"मीच," मी म्हणाले. "उद्या सव्वीस जानेवारी ना, म्हणून..."

ते पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर आले. हे दारात काठी टेकून उभे होते, पांढरा शर्ट घालून. उद्याची रंगीत तालीम म्हणून आजच घातला होता. मिस्त्रींनी त्यांना नमस्कार केला. "साहेब, दारातच थांबा. मी सांगेपर्यंत पाऊल टाकायचं नाही."

ते वरून खाली सुरू झाले. पहिल्या ब्रॅकेटजवळ लटकले, पाच मोजले. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी मीही मनात पाच मोजत होते. चौथा, पाचवा. मी ह्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा. सहाव्याला त्यांनी गुडघे दुमडले, आणि तीनवर आवाज आला. मोठा नव्हता. कपाटाची कडी निघावी तसा. ब्रॅकेट भिंतीलाच राहिला आणि पाइप त्यापासून सुटून खाली झुकला. मिस्त्री पाठीवर पडले आणि चार पायऱ्या घसरत पहिल्या मजल्याच्या चौकात गेले.

मी कशी उतरले मला आठवत नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. डावा खांदा धरला होता, कपाळाला खरचटलं होतं. ओठ पांढरे पडले होते. मी नुसती "मिस्त्री, मिस्त्री" करत होते. वरून हे ओरडत होते, "अगं काय झालं? बोल ना काय झालं?" आणि त्यांना उतरता येत नव्हतं.

"काय नाही साहेब," मिस्त्री वर बघून म्हणाले. "जे पडायचं होतं ते पडलं."

मग माझ्याकडे वळून त्यांनी मोडलेल्या जागेकडे बोट केलं. मी आत बघितलं. वरून आकाशी रंग, त्याखाली सुरेख टाका, आणि आत पाइपचा जुना काळा पृष्ठभाग जसाच्या तसा. धातू धातूला धरलाच नव्हता. नुसता वर बसला होता.

"लाइट कुठून घेतली?"

मी खालून रीळ आणून दाखवलं. पंचवीस तारखेलाही ते पार्किंगमध्ये तसंच पडलं होतं. त्यांनी वायर बोटांत धरून जाडी बघितली आणि मान हलवली. "चांगलं मशीन घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलंत, ताई. एवढ्या बारीक वायरीतून एवढ्या लांब वीज पोचत नाही. ठिणगी पडते, धातू वितळत नाही. आणि वरून रंग." मग म्हणाले, "रंगामुळं मला पण दिसलं नाही. नाहीतर लटकायची गरज नव्हती."

मी रडायला लागले. त्यांच्यासाठी रडले, ह्यांच्यासाठी रडले, आणि उद्या हाच सहावा ब्रॅकेट ह्यांच्या हाताखाली असता, ते डोळ्यांपुढे आलं म्हणून रडले. मिस्त्रींनी मला रडू दिलं. मग खांदा चोळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा मी लटकलो नव्हतो."

त्यांनी वायर खाली ठेवली.

"कारखान्यात शिडी बनवली होती. माळ्यावर जायची. चांगली होती, मला खात्री होती. रंग एकदम फर्स्ट क्लास मारला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला माझा भाऊ चढला." त्यांनी डोळे पुसले, नेहमीसारखे. "सख्खा. तिथंच गेला. त्याचा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता."

बाविसाव्या मजल्यावर ज्याचा फ्लॅट आहे, तो मुलगा.

दवाखान्यात खांद्याला पट्टा बांधला, हाड मोडलं नव्हतं. मी पुतण्याला फोन करते म्हटलं तर हात धरून थांबवलं. "त्याला नका सांगू. त्याला वाटतं मी सगळं सोडलंय."

सव्वीस जानेवारीला खाली मॅचेस झाल्या. ह्यांचे मित्र वर आले. बोर्ड वर आणतो, तुमची मॅच इथेच खेळू, म्हणाले. ह्यांनी हात जोडले. "मी आजारी माणूस म्हणून खेळणार नाही. उतरेन तेव्हा खेळेन." दार लावून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यावर रागावले होते की माझ्यासाठी घाबरले होते, हे मी अजून विचारलेलं नाही.

तीन दिवसांनी मिस्त्री हात गळ्यात अडकवून हजर झाले. सेक्रेटरींशी ते काय बोलले ठाऊक नाही, पण तळमजल्यावरच्या पाण्याच्या पंपाच्या खोलीतला मोठा प्लग आम्हाला दुपारच्या वेळी वापरायला मिळाला. जाड केबल त्यांनी स्वतः आणली होती. ते उलट्या बादलीवर बसले आणि बाराही ब्रॅकेट ग्राइंडरनं माझ्याकडून कापून घेतले. सहावा मोडलेला होताच, बाकीचे अकरा कापताना मला वाटलं होतं निदान चारपाच चांगले निघतील. तीन निघाले. त्यांनी तेही टाकायला लावले. "तीन चांगले आहेत हे कापल्यावर कळलं. न कापता कळलं असतं का?"

पुन्हा पट्ट्या, पुन्हा टाके. ह्या वेळी ठिणगीचा आवाजच वेगळा होता, कढईत काही तळावं तसा भरगच्च. प्रत्येक टाका झाल्यावर मी काच वर करायची आणि ते टाक्यावर जमलेली काळी खपली काढून, वाकून बघायचे. दिवसाला दोन, जास्त नाही. मला घाई करायची हिंमत नव्हती.

बाराही बसल्यावर लटकायची वेळ आली. ते उठले. मी आडवी आले. "तुमचा खांदा बरा नाही. मी लटकते."

"तुमचं वजन किती?"

"त्रेसष्ट."

"साहेबांचं ब्याऐंशी." विचार केला. "पाठीला तांदळाची पिशवी बांधा."

मग पन्नाशी उलटलेली मी, साडी खोचून, पाठीवर पंचवीस किलोची तांदळाची पिशवी बांधून, आमच्याच जिन्यात बारा ठिकाणी लोंबकळले. तळमजल्यावरच्या वहिनींनी मोबाइलवर फोटो काढला, तो अजून आमच्या ग्रुपवर फिरतो. मी पाच मोजत होते आणि मिस्त्री मोठ्यानं मोजत होते. बाराव्याला त्यांचा आकडा संपला आणि त्यांनी वर हाक मारली, "साहेब, या."

हे उतरले. त्या छत्तीस पायऱ्या मी जन्मभर विसरणार नाही. मी ह्यांच्या डाव्या अंगाला, मिस्त्री दोन पायऱ्या खाली, तोंड ह्यांच्याकडे करून उलटे उतरत होते, एक हात गळ्यात, दुसरा पुढे धरलेला. उजवा हात पाइपवर सरकायचा, मग काठी, मग पाय. चौथ्या पायरीवर ह्यांचा डावा पाय थरथरला आणि सगळं वजन उजव्या हातावर गेलं. पाइप हलला नाही. सहाव्या ब्रॅकेटशी हे मुद्दाम थांबले आणि मिस्त्रींकडे बघितलं. "चला," मिस्त्री म्हणाले. शेवटच्या पायरीवरून खाली पाऊल टेकलं तेव्हा ह्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. हे पार्किंगमधल्या उन्हात नुसते उभे राहिले. मी पदर तोंडाला लावला. मिस्त्री पुन्हा बादलीवर जाऊन बसले होते आणि मान खाली घालून डोळे पुसत होते. ह्या वेळी ते नेहमीचं पाणी नव्हतं.

"आता वापरा," म्हणाले. "रंग नंतर. आठ दिवसांनी येतो."

आठ दिवस हे रोज दोनदा उतरले. नवव्या दिवशी मिस्त्री आले, अकरा जोड बघितले, मान डोलावली. बाराव्याजवळ, शेवटच्या पायरीशी, नखानं काहीतरी चाचपलं. मला दिसेना, त्यांनी दाखवलं तेव्हा दिसलं. केसाएवढी चीर. "शेवटच्या पायरीला माणूस निर्धास्त होतो," म्हणाले, "सगळं अंग सोडतो. म्हणून इथं ताण जास्त." माझ्याकडून तो जोड पुन्हा करून घेतला, लटकून घेतलं. मग चपला घालताना सांगितलं, "अकरांना रंग लावा. हा आजचा आहे. ह्याचे आठ दिवस आजपासून. मी बघितल्याशिवाय ह्याला रंग नाही."

मी अकरांना रंग लावला. आठ दिवस गेले, दहा गेले. फोन लागेना. बाराव्या दिवशी मी डबा घेऊन कल्याणला गेले. खव्याच्या पोळ्या केल्या होत्या, त्यांना आवडायच्या. दुकानाच्या दाराजवळ स्टूल नव्हतं.

"मिस्त्री गेले," मालक म्हणाले. "मागच्या सोमवारी. टिटवाळ्याला, झोपेत."

"पडल्यामुळे?" मी विचारलं. "माझ्याकडे पडले होते ना, त्यामुळे?"

"नाही हो ताई, खांदा बरा झाला होता. वय झालं होतं."

डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं म्हणे. मी मान हलवली. पण पूर्ण विश्वास मला अजून बसलेला नाही, आणि बसावा अशी इच्छाही नाही. पोळ्यांचा डबा मी मालकांच्या हातात दिला आणि परत आले.

आता आमच्या भागातून मला फोन येतात. बाथरूमला धरायला दांडी हवी, म्हाताऱ्या सासूसाठी पायरी हवी, स्वतः करायचंय, कुठलं मशीन घेऊ? मी आधी विचारते, तुटलं तर पडणार कोण? पुष्कळ जण ह्यावर फोन ठेवतात. जे ठेवत नाहीत त्यांना मी मीटरचा फोटो पाठवायला सांगते.

दिवाळीआधी सोसायटीनं जिना रंगवला. रंगारी बाराव्या ब्रॅकेटजवळ येऊन थांबला. सगळा पाइप आकाशी आणि तेवढाच एक जोड उघडा, गंज येऊ नये म्हणून मी दर रविवारी तेलाच्या फडक्यानं पुसते तो. सेक्रेटरींनीही म्हटलं, वहिनी, तेवढाच वाईट दिसतो, एक हात मारून टाकू. मी नको म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

हे रोज संध्याकाळी कॅरम खेळायला उतरतात. मी वर, कठड्यावरून वाकून बघत असते. शेवटच्या वळणावर मला फक्त ह्यांचं डोकं आणि उजवा हात दिसतो. शेवटच्या पायरीशी हे थांबतात, हात त्या उघड्या जोडावर ठेवतात आणि सगळं अंग त्याच्यावर टाकतात. ओठ हलतात. पाच झाले की मान वर करून मला सांगतात, "ठीक आहे."

रंगाचं आम्ही दोघंही बोलत नाही.